हर्नडनच्या मैदानावरची मोजणी

२००५ सालच्या उन्हाळ्यात आम्ही नवराबायको अमेरिकेत मुलाकडे अडीच महिने राहून आलो. नायगारा पाहिला, वॉशिंग्टनची पांढरीशुभ्र स्मारकं पाहिली, आणि कोल्हापुरात परत आल्यावर येईल त्या पाहुण्याला त्यांचेच फोटो दाखवले. पण माझ्या मनात जे घर करून राहिलं, त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. ते म्हणजे हर्नडन गावाच्या कडेचं एक खेळाचं मैदान. तिथे मी सहा शनिवार माणसं मोजत बसलो होतो.

माणसं मोजण्याचा हा रोग जुना आहे. माझी सगळी नोकरी मैदानांची व्यवस्था बघण्यात गेली. फुटबॉल, कबड्डी, कुस्ती, जे काही असेल तिथे फाटकावर मी. एकदा एका परगावच्या फायनलला गॅलरीत माणसं मावेनाशी झाली होती, पण कागदावर ती अगदी बेताची होती. वरच्या साहेबांनी सांगितलेला आकडा मी लिहिला होता आणि खाली सही केली होती. सामना संपायच्या आत कठडा तुटला. दोघांचे पाय मोडले. जीव कुणाचा गेला नाही हे नशीब. तेव्हापासून गर्दीचा आकडा ऐकला की मला आधी तो सांगणाऱ्याचा चेहरा बघावासा वाटतो.

हर्नडन

हर्नडन हे व्हर्जिनियातलं गाव. विमानतळ इतका जवळ की विमानांची पोटं घराच्या छपरावरून जाताना दिसतात. काचेच्या ऑफिसांच्या रांगा, त्यांच्यामागे एकसारख्या घरांच्या रांगा, आणि मधे इतकी झाडी की शेजारी कोण राहतं ते पानगळ झाल्याशिवाय कळू नये. समीर, आमचा मुलगा, इथे पाच वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. सून अश्विनी नागपूरची. तिचंही ऑफिस जवळच. सकाळी आठला दोघं गाड्या घेऊन निघून गेली की आम्ही दोघं त्या शांततेत बसायचो. कुकरची शिट्टी झाली तरी मालती, माझी बायको, दचकायची. "बाहेर ऐकू गेलं असेल का हो?" म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात जेवताना समीर म्हणाला, "बाबा, सॅटर्डेला मॅच आहे. तुम्हाला आवडेल. रग्बी लीग."

"तू खेळतोस?"

"नाही बाबा, मी ऑर्गनायझिंगमध्ये आहे. क्रेगने क्लब काढलाय. माझा मॅनेजर."

क्रेग हा ऑस्ट्रेलियाचा. लहानपणापासून हा खेळ खेळलेला, आणि नोकरीसाठी इथे आल्यावर गप्प बसवेना म्हणून त्याने पोरं जमवून क्लब उभा केलेला. मी विचारलं, "मॅनेजरच्या क्लबात तू आपखुशीने जातोस की जावं लागतं?"

अश्विनीने ताटात बघितलं. समीर हसला आणि विषय बदलला. माझ्या मनात शंकेची पहिली पाल तिथेच चुकचुकली.

मैदानावर, पहिला शनिवार

रग्बी लीग म्हणजे काय, हे न पाहिलेल्याला सांगायचं तर कबड्डीत चेंडू आला असं समजा. एका बाजूला तेरा गडी. चेंडू काखेत मारून समोरच्या भिंतीत घुसायचं, आणि समोरच्यांनी पकड करून पाडायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांकडे. हाताने चेंडू फेकायचा तर तो मागेच. पुढे फेकायला बंदी. पकडी मात्र अशा की आमच्याकडचे जुने कबड्डीपटू उभे राहून टाळ्या देतील.

क्रेग आम्हाला घ्यायला पुढे आला. उंच, लालबुंद चेहऱ्याचा, हातात हात घेतला तो सोडेचना. त्याने अभिमानाने सगळं दाखवलं. गेल्या वर्षी इथे चार लाकडी बाकडी होती. यंदा गावाच्या समितीने नवीन स्टँड बांधून दिला होता. अॅल्युमिनियमच्या पायऱ्या, वर पत्र्याची सावली, आणि कुंपणाबाहेर विटांची नवी स्वच्छतागृहं.

"स्टँड झाला आणि माणसं तिपटीने वाढली," क्रेग म्हणाला. "आता फ्लडलाइट मागतोय. जुलैत समितीची मीटिंग आहे. आकडे समीर दाखवणार."

समीर फाटकाशी उभा होता. तिकीट नव्हतंच. त्याच्या हातात मोजणीचं छोटं यंत्र होतं. माणूस आत आला की अंगठ्याने टिक.

मी स्टँडमध्ये बसलो आणि सवयीने मोजायला लागलो. आमची पद्धत साधी. एक रांग मोजायची, रांगांनी गुणायचं, मोकळ्या जागा वजा करायच्या, मग कडेने उभे असलेले धरायचे. दोनदा मोजलं. दोनशे तीसच्या आसपास. मॅच आपल्या टीमने जिंकली. भोंगा वाजला आणि कर्ण्यावरून जाहीर झालं, "आजचे प्रेक्षक, तीनशे ऐंशी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःचीच संख्या ऐकून टाळ्या वाजवणारे लोक मी पहिल्यांदाच पाहिले.

मी समीरकडे बघितलं. तो यंत्र खिशात घालत होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येताना मालतीने कोपर मारलं. "काय झालं?"

"काही नाही," म्हणालो. पोटचं पोर खोटा आकडा सांगतंय असं बायकोला कोणत्या तोंडाने सांगू?

पार्किंगमध्ये

पुढच्या शनिवारी मी ठरवलं की पुरावा गोळा करायचा. माणसं हलतात, गाड्या हलत नाहीत. मॅच सुरू झाल्यावर मी मागच्या पार्किंगमध्ये गेलो आणि वही काढून गाड्या मोजायला लागलो. प्रत्येक रांगेचा आकडा लिहीत तिसऱ्या रांगेला पोचलो, तोच मागून आवाज आला.

"सर, तुम्ही काय लिहिताय?"

पोलीस होता. तरणा, सभ्य, पण हात कमरेच्या पट्ट्यावर. वॉशिंग्टन इथून तासाभरावर. विमानतळ शेजारी. परदेशी म्हातारा वही घेऊन गाड्यांच्या रांगा टिपतोय. त्याच्या जागी मी असतो तरी विचारलं असतं. पण त्या क्षणी माझं इंग्रजी पळालं. "काउंटिंग. पीपल," एवढंच तोंडातून निघालं.

"इथे पीपल कुठे आहेत?"

पासपोर्ट घरी. फोन नव्हता. त्याने वही मागितली. वहीत मराठी आकडे. तो ती वही उलटीसुलटी करून बघायला लागला.

"अरे त्याला सोड," एका बाईचा आवाज आला. "तो माझ्याबरोबर आहे."

सत्तरीची गोरी बाई, डोक्यावर टोपी, एका हातात घडीची खुर्ची. ती माझ्याबरोबर नव्हती, मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. पण पोलीस तिला ओळखत होता. "डोलोरेस, तुम्ही म्हणता म्हणून," म्हणत त्याने वही परत दिली आणि मला 'हॅव अ नाइस डे' म्हणाला.

"तुम्ही समीरचे वडील ना?" डोलोरेस म्हणाली. "नाक तेच आहे. चला, आणि आता सांगा, खरंच काय मोजत होता?"

तिचा नातू टीममध्ये होता. क्लब निघाला त्या पहिल्या दिवसापासून ती येत होती. मी तिला माझा संशय सांगितला. परक्या बाईला सांगताना मला लाज वाटली नाही याचं नंतर नवल वाटलं.

तिने खुर्ची फाटकाजवळ मांडली आणि म्हणाली, "मग गाड्या कशाला मोजता? इथे बसा आणि फाटक बघा."

आम्ही बसलो. पंधरा मिनिटांत सगळं उघडं पडलं. हाफटाइम झाला, लोक उठले, फाटकातून बाहेर गेले आणि विटांच्या त्या नव्या स्वच्छतागृहांपुढे रांग लावली. परत आत आले. टिक, टिक, टिक. एक बाई दोन मुलांना घेऊन तीनदा गेली. आधीचे तीन धरून त्या तिघांची यंत्रावर बारा माणसं झाली.

गेल्या वर्षी स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून कुणी बाहेर जात नव्हतं, म्हणून गेल्या वर्षीचा आकडा खरा होता. यंदा सोय झाली आणि आकडा फुगला. मला हसू आलं, आणि लगेच थांबलं. कारण फाटकावर उभा असलेला माणूस आंधळा नव्हता. समीरला ते दिसत होतंच.

"माझं विचाराल तर," डोलोरेस म्हणाली, "स्टँडमुळे माणसं आली नाहीत. ती पोरं जिंकायला लागली म्हणून आली. गेल्या वर्षी हरत होती, तेव्हा नात्यातलेच आम्ही असायचो."

हे माझंही मत होतं. आमच्याकडे कोल्हापुरात तालमीची फुटबॉल टीम फॉर्मात असली की लोक भिंतीवर, झाडावर, शेजारच्या गच्चीवर बसून मॅच बघतात. सावली कुणी विचारत नाही. मी रात्री जेवताना हेच मोठ्या आवाजात सांगितलं. "स्टँडचा आणि गर्दीचा काही संबंध नाही. टीम जिंकली पाहिजे."

मालती भाकरी थापत होती. इथे ज्वारीचं पीठ मिळालं म्हणून त्या दिवशी खुशीत होती. ती न वळता म्हणाली, "तुमच्या मैदानावर मी तीस वर्षांत किती वेळा आले?"

"एकदा आली असशील."

"एकदाच. का आले नाही पुन्हा, विचारलंत कधी?"

मी विचारलं नव्हतं.

"चार तास बसायचं आणि बायकांना जायला कुठे जागा नाही. मला खेळ आवडत नाही असं तुम्हीच ठरवून टाकलंत. इथे मी दोन्ही शनिवार पूर्ण मॅच बघितली. तो सहा नंबरचा पोरगा चेंडू मागे फेकताना बघतसुद्धा नाही, हे तुमच्या तरी लक्षात आलं का?"

आलं नव्हतं. मी माणसं मोजत होतो. आणि ज्या गॅलऱ्या मी आयुष्यभर मोजल्या, त्यांत बायका जवळजवळ नव्हत्या, हे मला त्या दिवशी हर्नडनच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा दिसलं.

स्कायलाइन ड्राइव्ह

समीरने एका रविवारी आम्हाला डोंगरात नेलं. व्हर्जिनियाच्या पश्चिमेला डोंगराच्या माथ्यावरून एक रस्ता मैलोन्मैल जातो. दोन्ही बाजूंना दऱ्या, दूरवर एकामागे एक निळ्या रांगा. आपल्या आंबोलीची आठवण होते, पण इथे वळणावर कणीसवाला नाही, माकडं नाहीत, आणि कड्याशी उभं राहून कुणी आरोळी ठोकत नाही. लोक गाडी लावतात, बघतात, जातात. आम्ही मात्र दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि वाऱ्याने चटणीचा निम्मा डबा अश्विनीच्या नव्या पांढऱ्या कुर्त्यावर उडवला. ती आणि मालती धुवायला पाणी शोधत गेल्या, आणि आम्ही बापलेक एका दगडी कठड्यावर उरलो.

"फाटक कुठे आहे आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे तुला ठाऊक आहे," मी म्हणालो.

त्याने हातातली दशमी खाली ठेवली. "दुसऱ्याच मॅचला लक्षात आलं, बाबा. मी क्रेगला सांगितलं. तो म्हणाला, मशीनवर जो नंबर येतो तो नंबर. आपण काही बनवत नाही."

"आणि तू ऐकलंस."

"माझ्या ग्रीन कार्डचं काम चाललंय. त्यात मॅनेजर म्हणून त्याचं लेटर लागतं. अजून दिलेलं नाही. त्याने कधी धमकी दिली नाही हं. एकदाही नाही. पण मीच मनात जोडून टाकलं."

"न बोलता दिलेली धमकी जास्त चालते," मी म्हणालो. क्रेगच्या त्या न सुटणाऱ्या हस्तांदोलनाचा अर्थ आता मला लागला असं वाटलं.

"मग काय करू? सांगा ना."

मला माझी ती सही आठवली. ती गोष्ट मी समीरला कधी सांगितली नव्हती. त्या कठड्यावर बसून सांगितली. साहेबांचं नाव, तुटलेला लोखंडी पाइप, दवाखान्यात मी लांबून बघून परत आलो ते, सगळं. सांगून झाल्यावर म्हणालो, "काय कर ते मी सांगणार नाही. तेव्हा मला घर चालवायचं होतं. तुलाही आहे."

तेवढ्यात दोघी परत आल्या. कुर्त्यावरचा डाग पसरून आणखी मोठा झाला होता.

टाउन हॉल

जुलैच्या सुरुवातीला टीम लागोपाठ दोन मॅच हरली. दुसरी तर अशी हरली की डोलोरेसने हाफटाइमलाच खुर्ची मिटली. पुढच्या शनिवारी स्टँड तोच, सावली तीच, पण माणसं दीडशेसुद्धा नव्हती. मी आणि डोलोरेस वेगवेगळे मोजून मग आकडे जुळवायचो. एक गोष्ट मात्र आम्हा दोघांनाही मान्य करावी लागली. जी दीडशे आली, त्यांत निम्म्या बायका आणि म्हातारी माणसं होती, आणि ती हरणारी मॅचही शेवटपर्यंत बघत होती. जिंकणाऱ्या टीमपाठी धावत आलेले गेले होते. सोयीने बसलेले बसले होते.

समितीची मीटिंग संध्याकाळी होती. उन्हं अजून खिडकीतून आत येत होती. सात माणसं अर्धगोल टेबलामागे, मधोमध एक करड्या केसांची अध्यक्षबाई. समोर खुर्च्यांवर आम्ही वीसेक जण. क्रेग टाय लावून आला होता. तो सुंदर बोलला, पोरांबद्दल, खेळाबद्दल. मग म्हणाला, "आकडे समीर सांगेल."

समीर उठला. भिंतीवर तक्ता उमटला. गेल्या वर्षीची बुटकी पट्टी, यंदाची उंच पट्टी. मी मालतीचा हात धरला, की तिने माझा, आठवत नाही.

"हा तक्ता चुकीचा आहे," समीर म्हणाला.

क्रेगची मान झटक्यात वळली.

"लोक स्वच्छतागृहात जाऊन परत येतात तेव्हा मी त्यांना पुन्हा मोजतो. हे मला मेपासून माहीत आहे. खरा आकडा किती, ते मला सांगता येणार नाही. वाढ झालीय, पण इतकी नाही. आणि टीम हरली की गर्दी कमी होते. कोण टिकून राहतं, ते मोजायला पाहिजे होतं. ते मी मोजलं नाही."

अध्यक्षबाई चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे स्वच्छतागृहं लोक वापरतात, एवढं तरी नक्की."

दोघेतिघे हसले. क्रेग हसला नाही. फ्लडलाइटचा विषय पुढच्या वर्षावर गेला. स्वच्छतागृहं कुंपणाच्या आत येतील असं कुंपण सरकवा आणि नव्याने मोजणी करा, असं ठरलं. बाहेर पडताना क्रेग आमच्या शेजारून गाडीकडे गेला. माझ्याकडे बघून मान हलवली. समीरकडे बघितलंही नाही.

पुढचे दहा दिवस मी त्या घरातल्या प्रत्येक फोनची घंटा ऐकत होतो. ऑफिसात क्रेग कामापुरतं बोलतो, एवढंच समीर सांगायचा. "लेटर मागितलंस?" "नाही." एकदा क्रेगने केक पाठवला तर तो केक का पाठवला यावर मी तासभर विचार केला. निघालं असं की त्याच्या मुलीचा वाढदिवस होता.

मग एका शुक्रवारी समीर लवकर घरी आला आणि बूट न काढता सोफ्यावर बसला. ग्रीन कार्डचं काम बघणाऱ्या वकिलाच्या ऑफिसातून फोन आला होता. क्रेगचं लेटर त्यांच्याकडे होतं. मीटिंगच्या आठवडाभर आधीच त्याने सही करून पाठवलेलं.

"मीटिंगनंतर ते परत घेता आलं असतं?" मी विचारलं.

"आलं असतं."

"मग का घेतलं नाही?"

"मी आज विचारलं. म्हणाला, ते लेटर तुझ्या कामाबद्दल आहे आणि काम तू चांगलं करतोस. मग म्हणाला, तू मला हॉलमध्ये सगळ्यांसमोर तोंडावर पाडलंस, ते मी विसरणार नाही." समीरने आता बूट काढले. "आणि सॅटर्डेला लवकर ये म्हणाला. कुंपण सरकवायचंय."

मी म्हणालो, यात काहीतरी डाव असेल. मालती म्हणाली, "अहो, एखादा माणूस रागावलेलाही असतो आणि सरळही असतो. दोन्ही एकदम. तुम्ही नाही का?"

त्या शनिवारी मी समीर आणि क्रेगबरोबर खांब उपटायला गेलो. उन्हात तिघांनी तीन तास काम केलं. दोघं एकमेकांशी फक्त "इकडे धर" आणि "सोड" एवढंच बोलले. मला मात्र क्रेगने दोनदा पाणी आणून दिलं.

विमानतळाच्या वाटेवर

परतीच्या दिवशी मालती आणि अश्विनी मागच्या सीटवर लोणच्याच्या बरणीच्या वजनावरून वाद घालत होत्या. विमानतळ दहा मिनिटांवर. समीर गाडी चालवत होता. सिग्नलला थांबलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाबा, एक विचारू? पहिल्या दिवशी तुम्हाला वाटलं होतं ना, की मी खोटं बोलतोय?"

मी दुसरं काही सांगू शकलो असतो. आईसमोर तर नक्कीच.

"हो," म्हणालो. "पुढेही वाटत होतं. तू हॉलमध्ये उभा राहिलास तेव्हासुद्धा."

तो रागावेल असं वाटलं.

"मलाही," समीर म्हणाला. "मी उठलो ना, तेव्हा मलापण माहीत नव्हतं की मी काय बोलणार आहे."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला नाही. तिथे देत नाहीत. समीर जरा वेळ तसाच बसून राहिला, मग त्याने गाडी पुढे घेतली.